पाठपोट एक पान

ओडील पेल्टिए दुकानात आली तेव्हा
बुटांना बटाट्याच्या शेतातली माती होती.
म्हणाली, सहाशे प्रती. पाठपोट. साधा कागद.
पुढं मी कोण, मागं मला काय हवंय.
फोटो नको म्हणाली.
मग म्हणाली, असू दे, लहानसा.

मी कोण, ते तिनं पाकिटामागं लिहून आणलं होतं:
जन्म इथलाच, मेन राज्याच्या अगदी टोकाचा.
आई स्टार्चच्या कारखान्यात होती,
शाळेत फ्रेंच बोलली म्हणून तिला
फळ्यावर शंभर ओळी लिहाव्या लागल्या, इंग्रजीतून.
ही ओळ तिनं खोडली होती. मी तरी वाचली.
एकोणीस हिवाळे गावाचा बर्फनांगर चालवला.
नवरा होता. दोन मुली, दोघी दक्षिणेला.

बर्फनांगर काय असतो ते इथं सांगावं लागत नाही.
पहाटे तीनला भिंतीवरून पिवळा उजेड सरकत जातो
आणि अंथरुणातला माणूस कूस बदलतो: रस्ता झाला.
मतं मागत दारोदार फिरली
तेव्हा निम्म्या लोकांनी ओळखलं ते असं:
आमची टपालपेटी पाडणारी तूच ना?
तीच.
वहीत नोंद आहे तिच्या. तेहतीस पेट्या.
एकतीस स्वतः पुन्हा रोवल्या,
दोन घरं तोवर रिकामी झाली होती.

आता मागची बाजू.
इस्पितळातला प्रसूती विभाग पुन्हा उघडा.
मी म्हटलं, ती रात्र घाल की यात,
ॲम्ब्युलन्सच्या पुढं तू बर्फ कापत चाललीस,
आणि वाटेतच…
तिनं हातमोजा काढला, पुन्हा चढवला.
ते बाळ माझं नव्हतं, म्हणाली.
ती बाई अजून त्याच रस्त्याला राहते,
तिच्याही दारात हा कागद पडणार.
नुसतं लिही, सर्वांत जवळचं बाळंतपण नव्वद मैलांवर.
मी नव्वद ठळक केलं.
तिनं ते साधं करायला लावलं.

रस्त्यावर मीठ कमी टाका.
विहिरी खारावल्यात, गायी पाणी हुंगून मागं सरतात.
मी म्हटलं, लोक विचारतील, टाकलं कुणी?
मी, म्हणाली. तसंच छाप.
एकोणीस वर्षं मी टाकलं.
खाल्ल्या मिठाला जागणारे पाहिलेत मी,
टाकलेल्या मिठाला जागणारी ही पहिलीच.

आणि बटाट्याची सुट्टी?
काढणीला शाळा तीन आठवडे बंद असते, ती ठेवायची की नाही?
आता यंत्रं काढतात, पोरं घरात फोन बघत लोळतात.
पण तिचा पहिला कोट त्याच पैशांतला,
पिंपामागं काही सेंट मिळायचे.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
मग म्हणाली, लिही, याबद्दल माझं अजून ठरलेलं नाही.
उमेदवार असं लिहीत नाहीत, मी म्हटलं.
मग काय लिहितात?
मी तिला वॉरन हॅस्केलचं कार्ड दाखवलं,
बाहेरून छापून आणलेलं, गुळगुळीत:
कुटुंब. विश्वास. उद्या.
तिनं दोन्ही बाजू वाचल्या, कड बोटानं चाचपली.
कागद चांगला आहे, म्हणाली.

सगळ्यात खाली फोन नंबर.
टपालपेटीची तक्रार असली तरी करा, हे तिनंच सांगितलं.
यंत्र सुरू झालं तशी ती खुर्चीत डुलकी घेऊ लागली,
आवाज चालू असला की झोप लागते म्हणे.
सहाशे अकरा निघाल्या. वरच्या अकरांचे पैसे मी घेतले नाहीत.
तिनं बळंच काउंटरवर ठेवले, सुट्ट्या नाण्यांत.

मत कुणाला देणार, ते तिनं विचारलं नाही.
गेल्या मार्चात माझीही पेटी पडली होती.
खांब जरा कललेला आहे,
पण आहे.